मालकाच्या मर्जीवरचे मैदान

उत्तर इंग्लंडमधील बरी हे कापडगिरण्यांचे जुने गाव. तेथील फुटबॉल क्लब 1885 साली स्थापन झाला, 1894 पासून तो लीगचा सभासद होता आणि 1903 च्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात त्याने डर्बी काउंटीवर सहा-शून्य असा विजय मिळविला होता. डिसेंबर 2018 मध्ये हा क्लब अवघ्या एका पौंडाला विकला गेला. देणी भागविण्याची तजवीज दाखविता न आल्याने ऑगस्ट 2019 मध्ये लीगने त्याची हकालपट्टी केली. मैदान तर आधीच्या मालकाच्या काळातच गहाण पडले होते. ज्या कामगार कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या तिकिटे काढून क्लब पोसला, त्यांना या व्यवहारांत कोणी विचारले नाही.

याचा दोष एखाद्या मालकाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु रोग मालकीच्या स्वरूपातच आहे. खालच्या श्रेणींत प्रक्षेपणाचे उत्पन्न तुटपुंजे, वरच्या श्रेणीत ते कित्येक पटींनी अधिक. म्हणून बढतीच्या आशेने प्रत्येक मालक खेळाडूंच्या पगारावर खर्च वाढवितो. बढतीच्या जागा मात्र मोजक्याच असल्याने जिंकणारे तितकेच राहतात आणि तोटा सर्वांचा वाढतो. दुसऱ्या श्रेणीत काही हंगामांत तर पगारच एकूण उत्पन्नापेक्षा जास्त झाले. ही तूट मालक भरतो, पुष्कळदा क्लबच्या नावे कर्ज मांडून. डार्लिंग्टनच्या मालकाने काही हजार प्रेक्षकांच्या क्लबासाठी 25,000 आसनांचे स्टेडियम उभारले. ते 2003 मध्ये खुले झाले आणि त्याच वर्षाअखेर क्लबचा कारभार प्रशासकाकडे गेला!

मालक धनवान आणि पैसा देण्यास राजी असला तरी धोका टळत नाही. पुण्याच्या वेंकीज समूहाने 2010 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेऊन त्यात कोट्यवधी पौंड ओतले. तरीही तो क्लब 2012 मध्ये दुसऱ्या आणि 2017 मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला. पुढे भारतातून पैसा पाठविण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाच्या अनुमतीची गरज पडू लागली. लँकेशायरमधील क्लबाच्या खर्चाची चिंता दिल्लीच्या न्यायालयात वाहिली जावी, हे एकाच थैलीवर विसंबण्याचे फळ होय.

एक्झेटर सिटीचा कारभार 2003 मध्ये पाठीराख्यांच्या न्यासाने हाती घेतला. तेथे सहकारी संस्थेप्रमाणे एका सभासदाला एक मत. (सहकारातही सत्ता मूठभरांच्या हाती जाऊ शकते, हे महाराष्ट्राला सांगावयास नको.) त्यांनी देणी फेडली आणि 2008 मध्ये लीगमध्ये पुनरागमन केले. रेक्समच्या पाठीराख्यांनीही 2011 पासून आपला क्लब सांभाळला होता. पण 2020 मध्ये प्रचंड बहुमताने तो दोन नटांना देण्याचा निर्णय त्यांनीच घेतला आणि 2023 ते 2025 या काळात क्लबाला लागोपाठ तीन बढत्या मिळाल्या. या निर्णयाला फितुरी म्हणणे अन्यायाचे ठरेल. शेजारी धनिकाच्या बळावर धावत असता एकट्याने काटकसर करणे म्हणजे मागे पडणे, हे त्यांनी ओळखले होते. खर्चाची मर्यादा सर्वांवर सारखी नसेल, तर लोकमालकीची परीक्षा अशा विषम मैदानावरच होत राहणार.

2025 च्या ब्रिटिश कायद्याने स्वतंत्र नियामक आणला. मालकांची पात्रता आणि क्लबांचे अर्थव्यवहार तो तपासील. त्याच्या संमतीवाचून मैदान विकता येणार नाही. एवढे स्वागतार्हच आहे. परंतु मालकी कोणाची असावी, हा प्रश्न कायद्याने खुलाच ठेवला आहे.