गाडीवरचे चित्र कोणाचे?

आवडत्या पात्राचे चित्र स्वतःच्या गाडीवर काढून घेणे कायद्यात बसते का, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असे कोणीही विचारू शकेल. पण पात्र म्हणजे नेमके काय, निर्मात्याच्या हातून सुटल्यावर ते कोणाचे होते, वाचकाचा त्यावर काही अधिकार उत्पन्न होतो की नाही, हे आपले जुनेच वाद या प्रश्नाच्या पोटात दडलेले आहेत. फरक इतकाच, की वर्गात हे वाद बिनखर्चाचे असतात आणि न्यायालयात त्यांची किंमत पैशांत मोजावी लागते.

बॅटमोबिलचेच उदाहरण घेऊ. कॅलिफोर्नियातील मार्क टाउल हा कारागीर बॅटमॅनच्या गाडीच्या प्रतिकृती तयार करून विकत असे. १९६६च्या दूरचित्रवाणी मालिकेतली गाडी आणि १९८९च्या चित्रपटातली गाडी, अशी दोन रूपे तो बनवी. किंमत सुमारे नव्वद हजार डॉलर. डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने दावा लावला आणि २०१५ साली अमेरिकेच्या नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की बॅटमोबिल हे निव्वळ वाहन नाही, ते स्वतंत्र पात्र आहे आणि म्हणून त्यावर कॉपीराइट आहे. त्या पात्राला दृश्य रूप आणि स्वभाव आहे का, निरनिराळ्या कथांमधून ते ओळखू येण्याइतके सुस्पष्ट आणि सुसंगत राहते का, आणि ते पुरेसे वैशिष्ट्यपूर्ण आहे का, अशा तीन कसोट्या न्यायाधीशांनी लावल्या. पुढे २०२५ साली त्याच न्यायालयाने याच कसोट्या ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’ या चित्रपटातील ‘एलेनॉर’ नावाच्या मस्टँग गाडीला लावल्या आणि तिला पात्र मानण्यास नकार दिला. व्यक्तिरेखाटनाची समीक्षा म्हणून हे निकाल आपल्या पदव्युत्तर वर्गांत वाचायला हरकत नाही. समीक्षा थोडी ढोबळ आहे, हे खरे. बाह्य लक्षणांची यादी जुळली की पात्र सिद्ध झाले, असे आपण सहसा मानत नाही. पण निदान हे न्यायाधीश आपल्या कसोट्या उघडपणे मांडतात. आपल्याकडील कित्येक प्रस्तावनांविषयी तेवढेही म्हणता येणार नाही.

टाउल विक्रेता होता. रसिकाची गोष्ट वेगळी आहे. तो काही विकत नाही. स्वतःच्या पैशाने स्वतःच्या वाहनावर आपल्या आवडीची जाहीर कबुली देतो. या प्रकाराने सर्वांत मोठे रूप घेतले ते जपानमध्ये. दारापासून छतापर्यंत अॅनिमे किंवा मांगामधील पात्रांनी मढवलेल्या गाडीला तिथे ‘इताशा’ म्हणतात. हा बोलीतला शब्द मूळचा इटालियन गाड्यांसाठी होता. त्यावर ‘इताई’, म्हणजे दुखणारे, या शब्दाचा श्लेष झाला. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना खुपणारी आणि मालकाच्या खिशाला जाचणारी अशी ती गाडी. स्वतःच्या वेडाला स्वतःच हसण्याची ही वृत्ती मला त्या चित्रांहूनही अधिक आवडते.

आता कायदा पाहा. जपानी कायद्यात खासगी उपयोगासाठी प्रत करण्याची मुभा आहे, पण ती प्रत जनतेपुढे मांडली की मुभा संपते. गाडी तर रस्त्यावरच जायची. म्हणजे परवानगी न घेता रंगवलेली इताशा काटेकोरपणे पाहता उल्लंघनच ठरते. तरीही त्या रस्त्यांवर दिसतात, याचे कारण असे, की तिथे अशा उल्लंघनाबद्दल फौजदारी खटला भरायला सामान्यतः हक्कधारकाची तक्रार लागते, आणि हक्कधारक बहुधा तक्रार करत नाहीत. २०१८च्या अखेरीस ही अट काही गुन्ह्यांपुरती शिथिल झाली, पण ती मूळ कृती जशीच्या तशी छापून वा चढवून विकणाऱ्यांसाठी. चाहत्यांच्या अनुनिर्मितीला त्यातून जाणीवपूर्वक बाहेर ठेवण्यात आले. तिथल्या रसिकाला अधिकार असा मिळालेला नाही. मालकाच्या मौनाला मात्र कायद्याने जागा करून दिली आहे, आणि त्या जागेत एक अख्खी कलासंस्कृती वाढली.

आपल्याकडे हे मौनही पुरेसे नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात ‘खासगी किंवा वैयक्तिक उपयोगा’साठी उचित वापराची सूट आहे. पण चौकाचौकांतून फिरणाऱ्या गाडीवरचे चित्र वैयक्तिक उपयोगात मोडते, असे न्यायालयाला पटवणे सोपे नाही. ६३वे कलम तर जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद सांगते. व्यापारी लाभाचा हेतू नसेल तर न्यायालय विशेष कारणे देऊन शिक्षा कमी करू शकते, इतकाच दिलासा. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ‘निट प्रो इंटरनॅशनल’ खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे कागदोपत्री पाहिले तर चित्राच्या मालकाने तक्रार केलेली नसतानाही पोलिसांना हालचाल करता येते. प्रत्यक्षात मागच्या काचेवरच्या बॅटमॅनसाठी कोणी कोणाला अटक करत नाही. असा कडक कायदा आणि असा सैल अंमल एकत्र आले, की ज्याच्याकडे वकील आहे त्याची सोय होते. बाकीच्यांनी नशिबावर भरवसा ठेवायचा.

ट्रेडमार्कचा हिशेब निराळा आहे आणि तो थोडक्यात आटोपता येईल. १९९९चा कायदा व्यापाराच्या ओघात केलेल्या वापराकडे पाहतो. खासगी मोटारीवर बॅटमॅनचे वटवाघूळ लावणारा व्यापार करत नाही. मात्र तेच चिन्ह शिकवणीवर्गाच्या व्हॅनवर किंवा खानावळीच्या टेम्पोवर आले, तर पाहणाऱ्याला त्या कंपनीशी संबंध असल्याचा भास होऊ शकतो आणि तिथे तक्रारीला आधार मिळतो.

एवढ्यावर बहुतेक चर्चा थांबते: कंपनी दावा लावील की नाही? मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. त्यात निर्माता आणि मालक एकच आहेत असे गृहीत धरलेले असते, आणि गाडीवरच्या चित्राबाबत ते क्वचितच खरे असते.

बिल वॉटरसन या व्यंगचित्रकाराची कथा पाहा. त्याची ‘कॅल्व्हिन अँड हॉब्ज’ ही चित्रमालिका १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षे चालली. खेळणी, सदरे, पेले यांवर आपली पात्रे छापायला त्याने ठाम नकार दिला आणि त्यासाठी ती वितरित करणाऱ्या संस्थेशी वर्षानुवर्षे झगडा केला. कॅल्व्हिनची जागा त्या चौकटींत आहे, बाहेर काढून त्याला वस्तू केले की तो कॅल्व्हिन उरत नाही, अशी त्याची भूमिका होती. ती वाङ्मयीन भूमिका होती, आर्थिकदृष्ट्या आतबट्ट्याची. झाले काय? अधिकृत वस्तूच नसल्यामुळे बाजारात चोरटी चित्रे आली, आणि त्यांतले सर्वांत लोकप्रिय झाले ते खट्याळ हसत लघवी करणाऱ्या कॅल्व्हिनचे, अमेरिकेतील पिकअप गाड्यांच्या मागच्या काचांवर. खाली कधी फोर्डचे चिन्ह, कधी शेव्हरलेचे. गाडीच्या मालकाचा राग ज्याच्यावर असेल त्याचे. एकाच चिकटचित्रात कॉपीराइट आणि ट्रेडमार्क, दोन्हींचे प्रश्न असे शेजारी शेजारी उभे राहिले. वॉटरसनने असा प्रसंग कधी रेखाटलाच नव्हता. जगातील असंख्य लोकांना कॅल्व्हिन माहीत आहे तो त्याने कधीही न केलेल्या कृत्यामुळे.

आपल्या कायद्यात अशा प्रसंगी ५७वे कलम निर्मात्याच्या बाजूने उभे राहू शकते. हक्क विकून टाकले तरी कृतीवर आपले नाव सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. विज्ञान भवनातील भित्तिशिल्प उखडून टाकल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली न्याय दिला तो याच कलमाखाली. अमेरिकेत या नैतिक अधिकारांची व्याप्ती फारच अरुंद आहे. आणि मालक व निर्माता यांतला भेद आपल्या न्यायालयांना मुळीच अपरिचित नाही. टॉम्स या नावाने चित्रे काढणारे व्ही. टी. थॉमस ‘मलयाळ मनोरमा’ सोडून गेले, तेव्हा ‘बोबन आणि मोळी’ ही त्यांची मुले कोणाची, असा वाद १९८८ साली केरळ उच्च न्यायालयात गेला. ती पात्रे नोकरीपूर्वीच जन्मली होती आणि पुढेही ती रेखाटायला थॉमस मोकळे आहेत, असे न्यायालयाने मानले.

पण आणखी एक निर्माता उरतोच, आणि या लेखाचे खरे कारण तो आहे. चाहत्याने काढलेल्या चित्राला दोन जनक असतात: पात्र कल्पिणारा एक आणि हे विशिष्ट चित्र काढणारा दुसरा. रसिक रेडियमच्या दुकानात जातो, आंतरजालावरून उतरवलेले चित्र भ्रमणध्वनीवर दाखवतो, दुकानदार ते मोठे करून व्हिनाइलवर कापतो. रसिकाच्या मनात धाकधूक असलीच तर ती परदेशी कंपनीची असते. ज्याने रात्री जागून ते चित्र रंगवले, त्या अनाम चित्रकाराची आठवण दोघांनाही होत नाही. त्या चित्रकाराला कायदाही फारसा ओळखत नाही. सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या ‘रॉकी’ची पुढची कथा परवानगीवाचून लिहिणाऱ्या अँडरसन नावाच्या लेखकाला अमेरिकन न्यायालयाने १९८९ साली सांगितले, की दुसऱ्याच्या पात्रांवर बेकायदा उभारलेल्या कृतीवर तुझा हक्क निर्माण होत नाही. या तर्काने चाहत्याचे चित्र कोणीही उचलावे, त्याने दाद मागायची नाही.

मूळ पात्रावर कोणाचीच मालकी नसेल तरी चित्रकाराची अवस्था सुधारते असेही नाही. २०१५ साली कासरगोडजवळच्या कुंबळे गावातील करण आचार्य या तरुण चित्रकाराने गावातल्या मित्रांसाठी भगव्या आणि काळ्या रंगांत हनुमानाचा रोखून पाहणारा चेहरा काढला. पाहता पाहता तो दक्षिणेतल्या आणि मग आपल्याकडच्याही गाड्यांच्या मागच्या काचांवर आला. हनुमानावर कॉपीराइट नाही. त्या चेहऱ्यावर मात्र होता आणि आहे. छापणाऱ्यांनी तो छापला, विकणाऱ्यांनी विकला, आणि त्यातून चित्रकाराच्या हाती काही पडले नाही, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. २०१८च्या मे महिन्यात पंतप्रधानांनी मंगळुरूच्या सभेत त्याचे नाव घेतले, तेव्हा कुठे अनेकांना कळले, की या चित्राला चित्रकारही आहे. त्या चेहऱ्यातील क्रोध भक्तीचा की राजकारणाचा, यावर आपल्या विचारवंतांनी पुष्कळ लिहिले. त्याच्या मेहनतान्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही.

म्हणून माझे मत असे. स्वतःच्या एका गाडीवर, विक्रीचा हेतू न ठेवता, आवडते पात्र रेखाटून घेणाऱ्याला आपल्या कायद्याने स्पष्ट सूट द्यावी. ५२व्या कलमात आणखी एक उपकलम वाढल्याने कोणाचे दुकान बंद पडणार नाही. या सूटीला दोन अटी असाव्यात. चित्र ज्याच्या हातचे आहे त्याची संमती घ्यावी, आणि त्याचे नाव चित्रावर असावे. तेच चित्र शंभर गाड्यांसाठी छापून विकणारा दुकानदार या सूटीत येऊ नये. वॉटरसनसारख्या निर्मात्याचा स्पष्ट नकार जाहीर असेल, तर रसिकानेही तो मानावा. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचे म्हणणे ऐकणे जड जाऊ नये. चित्रकाराची संमती शोधणे अव्यवहार्य आहे, असा आक्षेप येईल. माझ्या पाहण्यात तरी अशी चित्रे बहुधा चित्रकाराच्या सहीसकट फिरतात. कापताना ती सही आधी कापली जाते.

हे स्वप्नरंजन आहे असे वाटणाऱ्यांनी हात्सुने मिकू या गायिकेकडे पाहावे. २००७ साली क्रिप्टन या जपानी कंपनीने संगणकावर गाण्यासाठी आणलेला हा आवाज आणि त्याला दिलेला चेहरा. विनाव्यापारी वापराला कंपनीने लेखी नियमांनी वाट मोकळी करून दिली. २००८पासून तिच्या चित्राने सजलेली गाडी जपानच्या सुपर जीटी शर्यतीत अधिकृतपणे धावते. तिला चाहते वैयक्तिक वर्गणी देतात, आणि आपल्या गटाचे विजेतेपद तिने तीनदा मिळवले आहे. दर हंगामात तिचे रूप नवा चित्रकार रेखाटतो आणि त्याचे नाव जाहीर केले जाते. आपल्या रेडियमच्या दुकानांतील नमुन्यांच्या जाडजूड वह्या उलटून पाहिल्या, तर शेकडो चित्रांखाली क्रमांक आणि भाव दिसतात.