मीटरची डबी आणि मागचे चाक

मोटारसायकलचा मीटर बंद पडला तर आपल्याकडे कुणी फारसे मनावर घेत नाही. ‘वेग काय, अंदाजाने कळतोच’ असे म्हणून गाडी तशीच हाकली जाते. पण वाचक बंधू-भगिनींनो, काही जुन्या गाड्यांत मीटरची गोष्ट नुसती मीटरची नसते. ती चाकाच्या बळकटीची असते, आणि त्या चाकावर मागे बसलेल्या बायको-मुलांचाही भार असतो. आपली कितीतरी मुले गॅरेजमध्ये फिटर आहेत. हौशी लोकांच्या जुन्या परदेशी गाड्याही त्यांच्याच हाताखालून जातात. त्यांच्यासाठी आजचे हे सदर.

उदाहरणादाखल नॉर्टन कमांडो घेऊ. ही इंग्लंडची गाडी १९६७ साली प्रथम लोकांपुढे आली. ड्रम ब्रेकच्या कमांडोत मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला, हबला लागून, एक गोल डबी असते. तिच्यातल्या कड्याला दोन दात असतात. ते दात हबमधल्या दोन खाचांत बसतात. चाक फिरले की कडे फिरते, कड्यामुळे केबल फिरते आणि हँडलजवळच्या मीटरचा काटा हलतो.

आता मर्म ऐका. हब, डबी, तिच्यापुढचा बुश आणि चिमट्याचा हात ही सगळी माळ ॲक्सलने एकत्र आवळलेली असते. म्हणजे डबी मीटर तर चालवितेच, शिवाय चाकाची जागाही राखते. दात खाचांत न बसविता नट आवळला, तर दात वाकतात नि कडे चेपते. पुढे ते झिजून मोकळे झाले की आवळलेला नटही ढिला पडतो. डबी काढून टाकून तिच्या जागी मिळतील ते वायसर भरणे तर त्याहून वाईट. चाक एका बाजूला सरकते आणि चेन तिरपी ओढते.

म्हणून काम क्रमाने करावे.

(१) गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर मधल्या स्टँडवर उभी करावी. चाक काढताना कोणता बुश कुठे व कोणत्या तोंडाने होता, ते कागदावर लिहून ठेवावे.

(२) ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे.

(३) चाक ड्रममध्ये पूर्ण बसवावे. मग डबी हबला लावून हाताने हळूहळू फिरवावी. दात खाचांत उतरले की डबी हबला सपाट टेकते. टेकली नाही तर ॲक्सल घालूच नये.

(४) केबलचे तोंड असे ठेवावे की केबल कुठेही दुमडणार नाही. आतल्या तारेला थोडे ग्रीस लावावे, पण मीटरकडचे काही इंच कोरडे सोडावे. नाहीतर ग्रीस चढून मीटरमध्ये जाते.

(५) ॲक्सल आधी हलका आवळावा. चेनचा झोल गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवावा आणि तो चेनच्या सर्वांत ताठ जागी मोजावा. पुढच्या-मागच्या टायरला दोरी लावून दोन्ही चाके एका रेषेत आहेत ना, ते पाहावे. चेनच्या लॉकचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला असावे.

(६) त्यानंतरच नट पूर्ण आवळावे. चेन सरकविली की ब्रेकची जुळणीही बदलते, म्हणून ब्रेक शेवटी लावावा. ब्रेक प्लेट चिमट्याच्या खुंटीत अडकलेली आहे, याची खात्री करावी. ती सुटली तर ब्रेक दाबताच प्लेट फिरू लागते आणि चाक जाम होऊ शकते.

शेवटी चाक हाताने फिरवावे. ते कुठेही घासू नये. मग ते धरून उजवी-डावीकडे हलवावे. खडखड झाली तर गाडी रस्त्यावर नेऊ नये. पहिली फेरी एकट्याने, हळू, मोकळ्या रस्त्यावर घ्यावी. परत आल्यावर नट, चेन व ब्रेक पुन्हा तपासावेत.

आपल्या घरच्या गाडीत मीटरची केबल पुढच्या चाकात जात असेल, तरी नियम हाच. पंक्चर काढून चाक परत बसले की घरच्यांनी मिस्त्रीला एवढेच विचारावे, ‘मीटरचे दात बसले का? नट आवळला का?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही. तो पाना घेऊन पुन्हा एकदा बघतो. आपल्या मुलांनी असेच मिस्त्री व्हावे, एवढेच आमचे सांगणे.