पालकांना दुसरा प्रश्न विचारायला हवा

सुरतहून दक्षिणेकडे निघालं की उधना, भेस्तान मागे टाकून सचिन लागतं. 2020 मध्ये हा परिसर सुरत महापालिकेच्या हद्दीत आला, पण त्याची ओळख त्याआधीपासूनच जीआयडीसीची, म्हणजे औद्योगिक वसाहतीची आहे. इथल्या यंत्रमागांवर आणि डाइंगच्या मिलमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाच्या कामगारांबरोबर जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली माणसंही राबतात. त्यांच्या घरात अहिराणी किंवा मराठी चालते, कारखान्यात हिंदी आणि मुलांच्या शाळेत बहुधा गुजराती. वडील बारा तासांच्या पाळीत अडकलेले असतात. आई घरबसल्या साड्यांचं धागा कटिंग नाहीतर टिकल्या चिकटवण्याचं काम करते आणि शाळेच्या 'वाली मीटिंग'ला, म्हणजे पालकसभेला, तीच येते. बाई विचारतात, 'काही अडचण?' ती म्हणते, 'नाही, बरं चाललंय.' फार तर म्हणते, 'जरा लक्ष द्या त्याच्याकडे.' सही होते, मीटिंग संपते. कागदोपत्री पालकांचा अभिप्राय घेतला गेलेला असतो, पण उद्या वर्गात काय वेगळं करावं हे बाईंना त्यातून कळलेलं नसतं.

याचा दोष आईला देणं सोपं आहे आणि चुकीचंही. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येतं. पोट दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला डॉक्टर लगेच औषध देत नाही. कुठे दुखतं, कधीपासून, जेवणाआधी की नंतर, असं विचारत जातो आणि त्या विचारण्यातूनच निदान होतं. शाळेत हा दुसरा प्रश्न जवळजवळ कधीच विचारला जात नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे एआयचा, शाळेला खरा उपयोग मला इथे दिसतो. पालकाचं पहिलं उत्तर ऐकून त्याच्याच भाषेत एक-दोन नेमके उपप्रश्न विचारायचे आणि मिळालेली माहिती शिक्षकाच्या हाती द्यायची, एवढंच काम यंत्राला द्यावं. शिक्षकाचं मूल्यमापन त्याच्याकडे मुळीच देऊ नये.

नेमकेपणाचा एवढा आग्रह का धरायचा? अभिप्राय घेतला की काम सुधारतंच, हा समज संशोधनाने कधीच खोटा ठरवला आहे. क्लुगर आणि डेनिसी या अभ्यासकांनी 1996 मध्ये अभिप्रायावरच्या शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी त्यानंतर काम उलट बिघडलं होतं. त्यांनी काढलेला अर्थ असा, की अभिप्राय माणसाचं लक्ष कामावरून काढून त्याच्या स्वतःकडे वळवू लागला की त्याचा परिणाम घटतो. 'बाई छान आहेत' किंवा 'सर नीट शिकवत नाहीत' ही दोन्ही वाक्यं याच जातीची आहेत. पहिल्याने बाई सुखावतील, दुसऱ्याने सर दुखावतील, मुलाचं वाचन मात्र आहे तिथेच राहील.

आता दुसऱ्या प्रश्नाने काय बदलतं ते पाहू. समजा, गुजराती माध्यमात चौथीत शिकणाऱ्या मुलाच्या आईला फोनवर तिच्या बोलीत विचारलं, 'पोराचा अभ्यास कसा चाललाय?' ती म्हणाली, 'गणितात कच्चा आहे.' इथे थांबलं तर मुलगा गणितात कच्चा, एवढीच नोंद होईल. 'गणित करायला बसला की कशापाशी अडतो?' असं पुढे विचारलं तर ती कदाचित सांगेल, 'बेरीज-वजाबाकी करतो. दुकानातला हिशोब तर तोंडी करतो. पुस्तकात लिहिलेलं गणित आलं की गप्प बसतो.' आता चित्रच पालटलं. अडचण बहुधा गणिताची नाही, उदाहरणातल्या गुजरातीची आहे. बाईंना ते उदाहरण मोठ्याने वाचून दाखवता येईल, मुलाला आपल्या शब्दांत सांगायला लावता येईल, वर्गातल्या दुसऱ्या खानदेशी मुलांचंही हेच होतंय का हे तपासता येईल. दुकानातला हिशोब बाईंनी पाहिलेला नव्हता. तो आईने पाहिला होता, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

हे बाईंनीच विचारावं, यंत्र कशाला, हा पहिला आक्षेप आणि तो रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 24व्या कलमानुसार पालकांशी नियमित बोलणं हे शिक्षकाचं कर्तव्यच आहे. पण हिशोब करून पाहा. याच कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीत 30 मुलांमागे एक शिक्षक धरला आणि प्रत्येक पालकाला फक्त दहा मिनिटं दिली, तरी पाच तास लागतात. मीटिंग दुपारी असते आणि रातपाळी करून आलेला बाप तेव्हा झोपलेला असतो. शिवाय बाईंसमोर बाईंबद्दल खरं बोलायला पालक कचरतात, आपल्या बोलण्याचा राग पोरावर निघेल ही धास्ती असते. फोनवरचा प्रश्न पाळी संपल्यावर ऐकता येतो, आवाजात उत्तर देता येतं आणि लिहिता न येणाऱ्या आईलाही त्यात जागा मिळते. यंत्राने गोळा केलेलं हाती असलं, तर बाईंची ती दहा मिनिटं जिथे खरी गरज आहे त्या सात-आठ घरांसाठी वापरता येतील. बाईंचं बोलणं त्यामुळे संपणार नाही, ते तयारीनिशी सुरू होईल.

संवादाचं मोल किती असतं याचा एक पुरावा बोट्स्वानातला आहे. 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्यावर तिथे काही घरांना दर आठवड्याला फक्त गणिताचे एसएमएस पाठवले, तर काहींना एसएमएसबरोबर फोनही केले. फोन झालेल्या घरांतली मुलं गणितात स्पष्टपणे पुढे गेली. नुसत्या एसएमएसने तसा परिणाम साधला नाही. ते फोन माणसांनी केले होते आणि त्यात शिकवणंही होतं, त्यामुळे हा एआयच्या बाजूचा थेट दाखला म्हणता येणार नाही. पण शाळेचा निरोप घरी पोहोचणं आणि शाळेने घराशी बोलणं यांत किती अंतर आहे, हे त्यातून नीट कळतं. आपल्या शाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोपांचा पाऊस पडतो. बोलणं मात्र होत नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि माझ्या मते तो सर्वांत गंभीर आहे. ही माहिती उद्या वरिष्ठांच्या टेबलावर जाऊन शिक्षकाविरुद्ध वापरली जाईल, ही त्यांची भीती निराधार नाही. गुजरातमध्ये 2009 पासून 'गुणोत्सव'मधून शाळांना श्रेणी मिळते आणि गांधीनगरच्या विद्या समीक्षा केंद्रात राज्यभरातल्या शाळांची आकडेवारी पडद्यावर दिसते. अशा व्यवस्थेत पालकांची उत्तरंही गुणांत मोडली गेली, तर शिक्षक पालकांना काय बोलायचं ते आधीच पढवून ठेवतील आणि पुन्हा 'बरं चाललंय' वरच सगळं येईल. म्हणून नियम एकच हवा आणि तो लेखी हवा. उत्तरं फक्त वर्गशिक्षकाकडे जातील. शाळा व्यवस्थापन समितीला नावांशिवाय, सगळ्या वर्गांचं मिळून एकत्रित चित्र दिसेल. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे पहारा ठेवायला तीच योग्य जागा आहे. मारहाण, छळ, पैशांची मागणी अशा तक्रारींची वाट वेगळी ठेवावी आणि त्या माणसाकडेच जाव्यात.

तिसरा आक्षेप यंत्राच्या कुवतीचा. अहिराणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. 2011च्या जनगणनेत अहिराणी ज्या खानदेशी भाषागटात मोडते, त्यातल्या बोली सुमारे साडेअठरा लाख लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवल्या, तरी अहिराणी आवाज ओळखण्यात यंत्रं अजून कच्ची आहेत. तिथे ती चुकीचं ऐकतील आणि न बोललेलं सारांशात घालतील. त्यामुळे सारांशाबरोबर मूळ आवाज ऐकण्याची सोय हवीच, आणि 'मला असं समजलं, बरोबर आहे का?' हे पालकाला विचारल्याशिवाय काहीच पुढे जाऊ नये. प्रश्न सुचवणारे नसावेत. 'बाई रागावतात का?' असं विचारलं की उत्तर प्रश्नातच येतं. 'शाळेतून आल्यावर काय सांगतो?' असं विचारलं तर आई स्वतःचं सांगते. दोन उपप्रश्नांपुढे जाऊ नये आणि 'नाही सांगायचं' म्हणण्याची मुभा असावी. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा मूळ नियम असा, की 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती हाताळायला पालकाची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. गरीब पालकाची संमती म्हणजे न वाचता केलेली सही, असं इथे चालता कामा नये. काय साठवणार, कधी पुसणार, हे त्याला त्याच्या बोलीत ऐकवायला हवं.

एवढं सांभाळून सुरतच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीने सचिनमधल्या मोजक्या शाळांत एक सत्रभर हा प्रयोग करावा. ही समिती मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या शाळा चालवते. बहुभाषक पालकांचा इतका अनुभव फार थोड्या शहरांकडे असेल. काही वर्गांत नेहमीचा एक प्रश्न ठेवावा, काहींत उपप्रश्न जोडावेत. यशाची कसोटी किती फोन झाले ही नसावी. या आठवड्यात पालकांच्या बोलण्यामुळे वर्गात काय बदललंत, हे शिक्षकांना विचारावं आणि त्यांची उत्तरं दोन्हीकडे ताडून पाहावीत. फरक दिसला नाही तर प्रयोग बंद करावा. दिसला, तर यंत्रमागावर उभं राहून मूल शिकवणाऱ्या बापाचं आणि साडीवर वाकून टिकल्या लावणाऱ्या आईचं निरीक्षण हेही शिक्षणाचं साधन आहे, हे शाळेला मान्य करावं लागेल आणि ते ऐकून घेण्याची जबाबदारीही.