चार आकड्यांची किल्ली

माळव्यातील आमच्या जुन्या मराठी घरांत कोठीच्या खोलीची किल्ली आजीच्या कमरेला असे. कुलूप केवढे, याहून किल्ली कुणाकडे, यालाच मोल होते. मंडळाचे हिशेब सांभाळताना आम्हांला नुकतीच त्या किल्लीची आठवण झाली.

मंडळ काही गरजू कुटुंबांना गुपचूप साहाय्य देते. त्याची नोंद कार्यालयातील संगणकावर असते. एके दिवशी ती नोंद पडद्यावर उघडी ठेवून आम्ही चहाला उठलो. तेवढ्यात आलेल्या एका गृहस्थांनी त्यातले एक नाव वाचले आणि चारचौघांत बोलूनही दाखवले. त्या घरच्या बाई पुन्हा मंडळात आल्या नाहीत.

खजील होऊन आम्ही एका तरुण सभासदाला गाठले. त्याने हिशेबाच्या प्रोग्रॅमला पिन विचारणारी लहानशी चौकट जोडली. दोन मिनिटे काम थांबले की नोंदी झाकून ती पुढे येते. पिन भरताना आकड्यांऐवजी ठिपके दिसतात. आम्ही निश्चिंत झालो. तोच तो म्हणाला, "काका, हा अजून पडदाच आहे, दार नव्हे. मागची फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडली तर सारे वाचता येईल."

मग त्याने फाइल सांकेतिक रूपात बदलली. परंतु चार आकड्यांचे पिन होऊन होऊन १०,०००. संगणक ते चुटकीसरशी ताडून पाहतो. म्हणून फाइल उलगडणारी किल्ली त्याने पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनात ठेवली. चौकटीत भरलेला पिन ते टोकनच तपासते आणि ठरावीक वेळा चुकला की स्वतःला कुलूप लावून घेते. नुसती फाइल चोरून काही साधत नाही.

१९६७ साली लंडनच्या एनफील्ड भागात बार्कलेज बँकेचे पैसे देणारे यंत्र सुरू झाले. ते घडवणारे जॉन शेफर्ड-बॅरन हे शिलाँगचे जन्मलेले. त्यांच्या मनात सहा आकडे होते. पण पत्नीला चारच लक्षात राहत, म्हणून चार ठरले, असे ते सांगत. आम्हांला तेही राहिले नाहीत. आठवड्यातच कळफलकाखाली पिनची चिठ्ठी सापडली; अक्षर आमचेच!

चिठ्ठी फाडली, पिन बदलला. सायंकाळी त्या बाईंच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला. मंडळाचा विषय मात्र काढला नाही. संगणकाला कुलूप लागले खरे. गेलेला विश्वास परत आणणारी चौकट अजून कुणी बसवलेली नाही.