मागाहून केलेली विचारपूस

शवाची परीक्षा वैद्य करितात. परंतु मनुष्य गेल्यावर त्याच्या मनाची परीक्षा कोणीं व कशी करावी? लॉस एंजेलिस येथें १९५८ सालीं श्नाइडमन, फार्बरो व लिटमन या विद्वानांनीं आत्महत्या-प्रतिबंधक केंद्र काढिलें. अमुक मृत्यु अपघाती कीं स्वेच्छेचा, हें देहावरून ठरेना, तेव्हां तेथील मृत्यु-तपासणी अधिकाऱ्यानें त्यांचें साहाय्य मागितलें. मृताच्या आप्तांपाशीं, शेजाऱ्यांपाशीं, वैद्यापाशीं बसून अखेरच्या दिवसांची हकीकत शांतपणें विचारावी, अशी रीति त्यांनीं पाडिली. तिला 'मानसिक शवविच्छेदन' म्हणतात.

वृद्धांच्या बाबतींत ही रीति विशेष उपयोगी पडते. तरुणांच्या मानानें वृद्ध मनुष्य इशारा कमी देतो आणि वांचण्याचा संभवही थोडा. म्हणजे ज्यास विचारावयाचें तोच उरत नाहीं.

परंतु हींत एक दोष आहे. घडून गेल्यावर प्रत्येक गोष्ट सूचक भासूं लागते. आमच्या एका विधुर सहाध्यापकांनीं एके दिवशीं आपला अमरकोश आम्हांस आणून दिला. पुढें तीन आठवड्यांनीं त्यांनीं आत्मघात केला. तो ग्रंथ पाहतांच आजही आमचें मन आम्हांस दोष देतें. पण पुस्तकें देणारे सर्वच वृद्ध का मरणोन्मुख असतात? आम्हींही पुष्कळ दिलीं आहेत. म्हणून संशोधक त्याच वयाच्या व तशाच परिस्थितींतील इतर माणसांविषयींही तेच प्रश्न विचारून दोहोंची तुलना करितात. आमच्या नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक तो हाच. अशा तुलनेंत टिकलेलें प्रमुख कारण म्हणजे विषादाचा विकार. आणि तो तर उपचारानें बरा होऊं शकतो! यांतील पुष्कळ वृद्ध अखेरच्या महिन्यांत वैद्याकडे जाऊन आलेले असतात, परंतु बोलणें होतें तें गुडघ्यांचें वा झोंपेचें.

मागाहून विचारावयाचे प्रश्न आधींच विचारण्यास कोणाची आडकाठी आहे? 'जगणें नकोसें वाटतें काय?' असें सरळ विचारल्यानें तो विचार मनांत रुजतो, ही समजूत संशोधनानें खोटी ठरविली आहे. उत्तर होकारार्थी आल्यास त्या माणसास एकटें न सोडतां वैद्याकडे न्यावें. सरकारची १४४१६ ही दूरध्वनि-सेवाही २०२२ पासून चालू आहे.

आमच्या मित्रास त्या दिवशीं आम्हीं एकच प्रश्न केला होता: ही आवृत्ति कोणत्या सालची? वाचकहो, आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांपाशीं आज घटकाभर बसा, आणि याहून बरा प्रश्न विचारा.