डावी लेन मोकळी आहे का?

भरलेला कंटेनर दुभाजकाला चिकटून रांगतो आहे आणि मागची मोटार त्याला डावीकडून ओलांडते आहे. पुणे-सातारा किंवा मुंबई-आग्रा महामार्गावर हे रोजचेच. ट्रकवाल्यांना लेनची शिस्त नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. तो ट्रक डावीकडे का राहत नाही, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

वाहतुकीची गणिते मांडणाऱ्यांपुढेही लेन न पाळण्याची हीच अडचण आहे. वाहतूक-संशोधक विडेमान यांनी १९७४ साली जर्मनीत मांडलेल्या गणिती प्रारूपात एका गाडीमागे दुसरी चालते आणि तिचा चालक पुढच्या गाडीशी अंतर राखतो. आपल्याकडे ३.५ मीटरच्या लेनमध्ये ट्रकच्या बगलेतून दुचाकी पुढे निघते. कोण कोणाच्या मागे आहे, हेच ठरत नाही. म्हणून आपल्या संशोधकांनी दोन वाहनांमधले आडवे अंतरही हिशेबात घेतले. एखादे वाहन किती मोटारींच्या बरोबरीचे, हे काढताना वेगाच्या जोडीला त्याने व्यापलेली जागा धरली. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने सिद्ध केलेली, रस्त्यांची क्षमता काढण्याची 'इंडो-एचसीएम' ही पुस्तिका याच वाटेवरची आहे. हे काम मोलाचे आहे.

पण बेशिस्त हा चालकाचा स्वभाव मानून तिचा एक आकडा प्रारूपात घातला, तर उत्तर चुकणारच. डाव्या लेनमध्ये काय काय असते ते पाहा. गावातून थेट महामार्गावर येणारा फाटा, धाब्यासमोर दिवे न लावता उभा असलेला ट्रक, सर्व्हिस रोड मध्येच संपल्यामुळे उलट दिशेने येणारी मोटारसायकल, गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर. भरलेल्या ट्रकला प्रत्येक अडथळ्यापाशी वेग तोडावा लागतो, आणि तो वेग पुन्हा धरायला बरेच अंतर जाते. उजवी लेन त्याला सलग मिळते. मग मोटार डावीकडे वळते, नेमकी जिथे दुचाकीवाला असतो तिथे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची गोष्ट वेगळी. तिथे दुचाकी, ट्रॅक्टरना बंदी आहे, गावचे फाटे नाहीत. तिथे उजवी लेन अडवणाऱ्या अवजड वाहनाला दंड व्हायलाच हवा. इतर महामार्गांवर दंडाच्या पावत्या फाडण्याआधी सर्व्हिस रोड सलग करा, ट्रक थांबवायला जागा द्या. आणि प्रारूपे करणाऱ्यांनी डाव्या लेनमधली उभी वाहने आणि उलट्या दिशेची वाहनेही मोजावीत.