बारावा गडी

आमच्या मुलुंडच्या बिऱ्हाडीं प्रथमच येणारे गृहस्थ भिंतीकडे पाहून अंमळ बुचकळ्यांत पडतात. संस्कृत शिकविण्यांत हयात घालविलेल्या मास्तराच्या घरीं जुन्या क्रिकेटवीरांचीं छायाचित्रें असावींत, हें त्यांना पटत नसावें. अमेरिकेंतील बेसबॉलचे षोकी तर याहून पुढें गेले आहेत. होनस वॅग्नर नामक खेळाडूचें, सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेलें एक चित्र २०२२ सालीं ७२.५ लक्ष डॉलरांस विकलें गेलें! आमची मजल चोरबाजारच्या फेरीपलीकडे जात नाहीं. भिंगाखालीं बारीक ठिपके दिसले कीं तें चित्र मासिकांतून कापलेलें समजावें आणि निमूटपणें घरीं परतावें. बुरशी व कसर यांपासून संग्रह राखण्यांत आमचें निम्में पेन्शन जातें, असें सौभाग्यवतींचें मत आहे.

संग्रहांतील एक चित्र मात्र विकतचें नव्हे. पुण्यांतील एका क्लबाच्या संघाचें हें १९१७ सालचें छायाचित्र आम्हांस आजोबांकडून आलें. पुठ्ठ्यावर साल आणि अकरा नांवें आजोबांनींच लिहिलेलीं आहेत. चित्रांत माणसें मात्र बारा! डाव्या टोकास जमिनीवर विशींतला एक तरुण बसला आहे. त्याच्या डाव्या हातांत चेंडू आहे, आणि बोटें फिरकी देणाऱ्याचीं. चित्र उलटें छापलें असेल म्हणून आम्हीं सदऱ्यांचीं बटनें तपासलीं. तीं योग्य बाजूसच आहेत. वडील म्हणत, “असेल कोणी गडी.”

हें चित्र पाहून एका ओळखीच्या व्यापाऱ्याचे डोळे चमकले. “मास्तर, हा बाळू पालवणकर म्हणून सहज खपेल. फक्त खालची पट्टी कापा.”

बाळू पालवणकर हे चर्मकार कुटुंबांतले. पुण्यास पारशी मंडळींच्या मैदानावर झाडलोट करीत, पुढें पूना क्लबांत साहेबांना चेंडू टाकीत ते नांवारूपास आले. हिंदूंच्या संघानें त्यांना खेळावयास घेतलें, परंतु चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यांत दिला. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांबरोबर विलायतेस गेलेल्या संघांत त्यांनीं ११४ बळी घेतले. तरीहि चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचें नेतृत्व त्यांना कधींच मिळालें नाहीं. तो मान १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना लाभला.

खोटें कशास सांगावें, त्या रात्रीं आम्हीं कात्री काढून ठेवली होती. पैशाचा मोह नव्हता. आजोबांच्या पायाशीं कां होईना, बाळू बसलेला असता, तर आमच्या घराण्यानें थोर पुरुषास जवळ केलें होतें असें चार लोकांत सांगतां आलें असतें. पण १९१७ सालीं बाळूंची चाळिशी उलटली होती, आणि त्यांची कीर्ति तर विलायतेपर्यंत पोंचलेली. हा पोरगा त्यांच्या मुलासारखा दिसतो. साल कापल्यावांचून तो बाळू होत नाहीं.

सौभाग्यवतींनीं कात्री पाहिली आणि मग चष्मा लावून पुठ्ठा वाचला. “मामंजींच्या वडिलांनीं अकरा नांवें एवढीं वळणदार लिहिलीं,” त्या म्हणाल्या, “बाराव्याला शाई संपली होती कीं काय?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आजोबा रोज आंघोळीनंतर व्यंकटेशस्तोत्र म्हणत. आम्हांस अक्षरओळख त्यांनींच करून दिली.

कात्री पुन्हां शिवणाच्या डब्यांत गेली. शाई कागदांत उतरते, म्हणून चित्राच्या पाठीवर आम्हीं पेन्सिलीनें लिहिलें: “डावीकडून पहिला, डावखुरा गोलंदाज. नांव लिहिलेलें नाहीं.”

अशा चित्राची एकेक प्रत त्या काळीं संघांतील बहुतेक जण घेत. तेव्हां वाचकहो, माळ्यावरच्या ट्रंकेंत पुण्याचा १९१७ सालचा संघ सांपडला, तर रद्दींत घालण्यापूर्वीं पुठ्ठ्यावरचीं नांवें मोजावीं. बारा भरलीं तर आम्हांस कळवावें.